कुंडीतलं रोमन साम्राज्य

बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या खड्ड्यात होत्या. बोरीवली पूर्वेला आमच्या क्लासच्या दारातच तो खड्डा होता आणि बाई त्यात कमरेपर्यंत उतरलेल्या होत्या. डोक्यावर गवती टोपी, टोपी हनुवटीखाली सुतळीनं बांधलेली. खड्डा खणला होता फुटलेल्या पाइपसाठी. पाइपातून असं कारंजं उडत होतं की नॅशनल पार्कातली माकडं आंघोळीला येतील. पण त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. प्लंबर काठावर उकिडवा बसून एका जुन्या चपलेचा तळ दाढीच्या ब्रशनं साफ करत होता, तोही इतक्या हळुवारपणे की चप्पल त्याच्या सासूबाईंची असावी. वॉचमन सुतळीचं टोक धरून उभा होता. आणि सोसायटीचे सेक्रेटरी, जे दिवाळीच्या दिवशीही कोणाकडे बघून हसत नाहीत, ते मेजरिंग टेप धरून आकडे ओरडत होते.

"पाइप कधी जोडणार?" मी विचारलं.

"पाइप कुठे पळून जात नाही, बाळ," खड्ड्यातून आवाज आला. "थर मात्र तुझ्या या प्लंबरनं अर्धा पळवलाय."

माझं डोकं तेव्हा निम्मं भादरल्यासारखं झालं होतं, मुलगी कॉलेजात होती, आणि मला बाळ म्हणेल असं माणूस उभ्या उपनगरात उरलं नव्हतं. मी गपचूप सुतळीचं दुसरं टोक धरलं.

मी हा किस्सा सांगतो तेव्हा बिल्डिंगचं पाणी आठवडाभर बंद असतं. सेक्रेटरी सांगतात तेव्हा दुपारपुरतं. पण सेक्रेटरींच्या घरी टाकी मोठी आहे, हेही लक्षात घ्यायला हवं. खड्ड्यात सोडाबाटलीची गोटी, अर्धी बशी आणि भरपूर जळका कोळसा सापडला. इथे पूर्वी चहाची टपरी होती, असं बाईंनी जाहीर केलं. प्लंबरनं भक्तिभावानं मान डोलावली. तो पाइप जोडायला आला होता, हे तो तोवर पार विसरला होता.

आमचे संचालक हे सगळं काचेआडून बघत होते. संचालक म्हणजे आमच्या क्लासचे मालक. शिकवत काही नाहीत, पण टाय रोज बांधतात. जी बाई प्लंबर, वॉचमन आणि सेक्रेटरी या तीन जातींना एका खड्ड्याभोवती गप्प बसवते, ती पोरांचं काय करेल, असा विचार त्यांच्या डोक्यात आला असणार. बाई आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहत होत्या. सगळं आयुष्य उत्खननांवर काढून निवृत्त झालेल्या. त्या मे महिन्यात आमच्या ऑनलाइन उन्हाळी शिबिरांच्या यादीत रोबोट, बिनगॅसचा स्वयंपाक आणि अक्षर सुधारणा यांच्याखाली एक नवीन ओळ आली: पुरातत्त्व. वयोगट बारा वर्षांच्या आतला. घरबसल्या उत्खनन.

"घरबसल्या?" बाई म्हणाल्या. "बरं. घरं काय कमी जुनी आहेत?"

माझं काम बोटाचं. ऑनलाइन वर्गात कोणाचा आवाज चालू, कोणाचा बंद, कोणाला आत घ्यायचं, कोणाच्या घरी कुकर वाजतोय, हे सगळं मी बघायचो. त्यासाठी रोज सकाळी लॅपटॉप घेऊन बाईंच्या घरी जायचो. घर म्हणजे खापरांचं गोदाम. मिसळणाच्या डब्यात खापरं, साखरेच्या बरणीत खापरं, फ्रिजच्या अंड्यांच्या कप्प्यात मणी. एकदा चहासोबत मी टिनच्या डब्यातलं बिस्किट समजून जे चावलं, ते बिस्किट नव्हतं.

"कसं लागलं?" बाईंनी विचारलं.

"खारट," मी दाढ चाचपत म्हणालो.

"नदीकाठचं आहे, लागणारच. चांगलं भाजलेलं खापर जिभेला चिकटत नाही. चिकटलं?"

"नाही."

"मग माझा अंदाज बरोबर होता," असं म्हणून त्यांनी तो तुकडा माझ्या हातातून काढून घेतला, पुसला आणि त्यावर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं. माझ्या दाढेचाही उल्लेख केला असेल, अशी मला शंका आहे.

वर्ग घ्यायला त्या पंख्याखाली बसायच्या, पण टोपी घालून. साइटवर टोपी लागते, त्यांचं म्हणणं. कॅमेरा नक्की कुठे असतो हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. त्यामुळे पहिले काही दिवस पोरांना फक्त टोपीच दिसत होती. घाटकोपरच्या एका मुलानं बाईंचं चित्र काढून पाठवलं, त्यात टोपीला दोन पाय होते.

आणि बोलण्याची तऱ्हा तर जगाच्या उलट. दहा वर्षांच्या पोरांना त्या आडनावानं हाक मारायच्या आणि वर अहो. अहो देसाई, अहो शहा, अहो सावंत. पोरांचे बाप मागून डोकावले की त्यांना मात्र बाळ आणि अरेतुरे.

"अहो सावंत, जरा कुंडी कॅमेऱ्याजवळ आणता का?"

"हां बाई, आणतो," मुलुंडहून सावंतांचे बाबा लगबगीनं म्हणायचे.

"तू नाही, बाळ. मी सावंतांशी बोलतेय."

मी एकदा कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "उत्खननावर सहकाऱ्याला अहोच म्हणतात. बाकी गर्दी बघायला आलेली असते, तिला काय म्हणायचं?"

आता कुंडीबद्दल. बाईंनी पहिल्याच दिवशी फर्मान काढलं की प्रत्येकानं घरातली सगळ्यात जुनी, बरीच वर्षं माती न बदललेली कुंडी शोधायची. तीच साइट. अर्धी कुंडी तशीच ठेवून उरलेल्या अर्ध्या भागात चमच्यानं खणायचं, चहाच्या गाळणीनं माती चाळायची, दाढीच्या ब्रशनं झाडायचं. मातीचा रंग बदलला की थांबायचं, चित्र काढायचं, मोजायचं, मगच पुढचा थर. सापडलेली वस्तू आधी जागेवर बघायची. उचलायची घाई केली तर बाई टोपी काढून टेबलावर ठेवायच्या. बास, एवढंच. पण ती टोपी टेबलावर आली की अंधेरीपासून मुलुंडपर्यंत पोरांचे चमचे हवेत थांबायचे.

त्या महिन्यात पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही उपनगरांत बापलोकांच्या दाढ्या वाढल्या, कारण ब्रश उत्खननावर होते. घाटकोपरच्या शहांच्या घरी मुलानं तुळशीचीच कुंडी उपसली आणि आजी रुसून मुलीकडे दहिसरला गेल्या. पण खरा भूकंप अंधेरीत झाला. देसाई नावाच्या मुलाला जास्वंदीच्या कुंडीत दुसऱ्या थरात पांढऱ्या गोल वस्तूंचा साठा सापडला. त्यानं मोठ्या अभिमानानं तळहात कॅमेऱ्यासमोर धरला. मागे त्याची आई उभी होती. ती एक गोळी उचलून बघते तर काय, आजोबांची ब्लडप्रेशरची औषधं. म्हातारा कित्येक महिने गोळ्या गिळायच्या ऐवजी जास्वंदीला घालत होता. त्या जास्वंदीचं ब्लडप्रेशर आख्ख्या अंधेरीत सर्वांत कमी असणार.

"बाबा," आईचा आवाज आला, "इकडे या जरा."

"वर्ग चालू आहे ना गं," आजोबा आतून म्हणाले.

बाईंनी ढिम्म चेहऱ्यानं विचारलं, "अहो देसाई, साठा वरच्या थरातही आहे का?"

"आहे ना बाई. कालपर्यंतचा आहे."

"मग लिहा. वस्तीतले लोक औषधाला नाखूश होते."

इथवर सगळं ठीक चाललं होतं. मग बाईंनी एक चूक केली. चूक म्हणजे चांगुलपणा. त्यांचे जुने सहकारी येत्या हिवाळ्यात एका नदीकाठच्या टेकाडावर उत्खनन करणार होते आणि बाईंना तिथे एका मुलाला सोबत न्यायची मुभा होती. खरं उत्खनन, खरे तंबू. शिबिरात ज्याचं काम सगळ्यात चांगलं, त्याला मी नेणार, असं त्या बोलून गेल्या.

मुलुंडच्या सावंतांनी त्या दिवशी वर्ग संपल्यावर लॅपटॉप बंदच केला नाही. सावंत म्हणजे पाचवी पास झालेली, दोन वेण्यांची, एक सुळा अर्धा आलेली पोरगी.

"बाई, तिथे तंबूत झोपायचं?"

"झोपायला वेळ कोणाला असतो, सावंत?"

"आणि साप?"

"असतात. पण ते आपल्या आधीचे असतात, म्हणून आपण बाजूनं जायचं."

पोरगी एवढी खूश झाली की तिनं उडी मारली आणि चौकटीत फक्त दोन वेण्या दिसल्या. त्यानंतर रोज वर्ग सुटल्यावर एक तरी प्रश्न असायचाच. तिथली माती कुठल्या रंगाची, रात्री कंदील की बॅटरी, टोपी आपली न्यायची की मिळते. तिला ती जागा किती हवी होती, हे सांगायला मला अतिशयोक्ती करावी लागत नाही, आणि माझ्या बाबतीत ही दुर्मीळ गोष्ट आहे.

पण संचालकांनी जाहिरात बदलली. बाईंचं 'सगळ्यात चांगलं काम' त्यांना फिकं वाटलं. त्यांनी पालकांच्या ग्रुपवर टाकलं: सगळ्यात मोठा शोध लावणाऱ्या विद्यार्थ्याला उत्खननाची संधी. शेवटच्या दिवशी भव्य ऑनलाइन प्रदर्शन. पत्रकार उपस्थित राहतील.

झालं. दुसऱ्या दिवसापासून उपनगरांच्या कुंड्यांना सुगीचे दिवस आले. शहांच्या कुंडीत हडप्पाची मुद्रा सापडली. मुद्रेला कीचेन अडकवायचं भोक होतं. अंधेरीत रोमन दिवा निघाला, त्याच्या बुडाशी सेल बसवायची खाच होती. बोरीवलीत तोफेचा गोळा सापडला. हा गोळा मला मुलाच्या बापाच्या डंबेलचा नातेवाईक वाटला. एका आठवड्यात इतका इतिहास वर आला की मूळ लोक बाल्कनीत राहत होते की काय, अशी शंका यावी.

सावंतांच्या कुंडीत मात्र करवंटीचे तुकडे, पेनाचं टोपण आणि माती. पोरगी रोज चित्र काढायची, मोजायची, आणि म्हणायची, "काही नाही बाई." आवाज रोज थोडा खाली.

तिचे बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. मूळचे मालवणकडचे, आजोबा गिरणीत होते. माणूस साधा, बोटांच्या रेषांत ग्रीस असं मुरलेलं की आधार कार्डाच्या मशीननंही हात टेकले असते. त्यांनी मला फोन केला. "साहेब, पोरगी जेवत नाय ओ. कायतरी सापडाक होया ना तिका." दोन दिवसांनी सावंतांच्या कुंडीत तांब्याचं नाणं सापडलं. पोरगी इतक्या मोठ्यानं ओरडली की माझं बोट आपोआप आवाजाच्या बटणावर गेलं.

"छान," बाई म्हणाल्या. शहांना म्हणाल्या होत्या तेवढंच. "उचलू नका. मोजा."

वर्ग संपल्यावर मी म्हणालो, "बाई, तुम्हाला कळतंय ना काय चाललंय?"

"मला कळून काय उपयोग? खणतायत ते लोक." त्या उठल्या आणि ओट्यावरून काचेची बरणी घेऊन आल्या. "तांदूळ कुठे ठेवलेत मी? ज्यात खापरं नाहीत असा एक डबा आहे बघ."

दुसऱ्या दिवशीचा वर्ग मी जन्मात विसरणार नाही. बाईंनी बरणीत खाली तांदूळ भरले, त्यावर मसूर, त्यावर रवा, त्यावर चहाची पावडर. काचेतून चार पट्टे स्वच्छ दिसत होते. मग पळीची मागची बाजू वरून काचेला घासून आत घुसवली, तळाशी शर्टाचं बटण टाकलं आणि वरून पुन्हा सारखं केलं.

"आता वरून बघा. काही दिसतं?"

"नाही," सगळे म्हणाले.

"बाजूनं बघा."

काचेपलीकडे पट्टे जिथल्या तिथे होते, पण मधोमध एक खिंडार होतं. त्यात रवा, मसूर आणि चहा यांची खिचडी झालेली, आणि खिचडीच्या तळाशी बटण.

"बटण तांदळात सापडलं, म्हणून ते तांदळाच्या काळचं नाही. ते चहाच्याही नंतरचं. कोणीतरी वरून खड्डा केला, ठेवलं, बुजवलं. खड्डा बुजवता येतो हो, पण थर पुन्हा विणता येत नाहीत. उद्या सगळ्यांनी आपापली कुंडी एका बाजूनं उभी कापायची आणि ती बाजू प्रदर्शनात दाखवायची."

पोरांच्या मागे, दारांच्या फटींत, पडद्यांआड, बापांचे चेहरे दिसत होते. एवढे पांढरे चेहरे मी फक्त दहावीच्या निकालाला पाहिलेत. दुपारी मला तीन फोन आले. तिघांचाही प्रश्न एकच होता: कुंडी पूर्ण रिकामी करून पुन्हा थर भरले तर चालेल का. मी म्हणालो, बाईंना विचारतो. तिघांनीही फोन ठेवला.

प्रदर्शनाला संचालकांनी नवा टाय बांधला. एका स्थानिक साप्ताहिकाचा पत्रकार आला होता, त्याच्या चौकटीत त्याच्यापेक्षा त्याचं मांजर जास्त दिसत होतं. प्रत्येक चौकटीत एक मूल, एक कापलेली कुंडी आणि तिच्यापासून सुरक्षित अंतरावर एक बाप.

शहांपासून सुरुवात झाली. त्यांनी मुद्रा दाखवली.

"कुठल्या थरात, शहा?"

"तिसऱ्या."

"आणि वरचे दोन थर अखंड आहेत?"

शहांनी कुंडीकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याबाहेर कुठेतरी पाहिलं. "लाईट कमी आहे बाई. नीट दिसत नाही."

"असू दे," बाई म्हणाल्या. पुढे देसाई, त्यांनाही लाईट कमी होता. बोरीवलीत तर भर दुपारी अंधार. बाई कोणालाच काही म्हणाल्या नाहीत. मला त्यांचा राग यायला लागला होता.

मग सावंत. मागे बाबा, अंगावर लग्नातला शर्ट. पोरीनं नाणं समोर ठेवलं. संचालकांना आयतंच सापडलं. "वा वा, अस्सल तांब्याचं नाणं," ते सुरू झाले, "तर पालकहो, मला वाटतं आपला निकाल..."

"बाई," सावंत म्हणाल्या, "खड्डा आहे."

संचालक थांबले. त्यांनी कॅमेऱ्यात बघून माझ्यासाठी गळ्यापाशी हात फिरवला. म्हणजे पोरीचा आवाज बंद कर. मी ताबडतोब बटण दाबलं. आता इतकी नावं एकाखाली एक असतात, बोट घसरतं माणसाचं. बंद झाला तो संचालकांचा आवाज. पुढचा सगळा वेळ ते टाय हलवत, हातवारे करत काहीतरी तळमळीनं बोलत होते. फार प्रभावी भाषण असावं.

"सांगा, सावंत," बाई म्हणाल्या.

पोरीनं पेन्सिल घेऊन कुंडीची कापलेली बाजू दाखवली. "इथून इथपर्यंत. वरून खणलाय. कडा ताज्या आहेत, मुळं नुकती तुटलीत. भरावात वरच्या थरातला चहाचा चोथा आलाय."

"गो चेडवा, गप रव," मागून बाबा हळूच म्हणाले. "जागा जातली तुझी."

"बाळ, मध्ये बोलू नकोस. सावंत, खड्डा कोणी खणला असावा?"

पोरगी मागे वळली नाही. "ग्रीस आहे बाई मातीत. बोटांचे ठसे पण आहेत."

"काळ?"

"नाणं सापडलं त्याच्या आदली दुपार. मी पोहायला गेले होते तेव्हा." तिनं नाणं बाजूला सरकवलं. आता तिचा आवाज अगदीच बारीक झाला होता. "म्हणजे माझ्या साइटवर काहीच नाही. माझं नाव काढलंत तरी चालेल."

मग घाटकोपरहून आवाज आला, "बाई, आता लाईट आलाय. माझ्याकडे पण खड्डा आहे." अंधेरी म्हणाली, माझ्याकडे पण, आणि माझ्या आईनं खणलाय, कारण भरावात टिकली आहे. बोरीवलीच्या मुलानं तर बापाला हात धरून चौकटीत ओढलं आणि त्याची नखं कॅमेऱ्याला दाखवली. पुढची पंधरा मिनिटं उपनगरांतल्या पोरांनी आपापल्या जन्मदात्यांचं असं थरवार उत्खनन केलं की पत्रकाराचं मांजरसुद्धा कान टवकारून बसलं.

बाई ऐकत होत्या, लिहून घेत होत्या. सगळं शांत झाल्यावर टोपीची सुतळी सैल करत म्हणाल्या, "सावंत, डिसेंबरात नदीकाठी फार थंडी असते. स्वेटर दोन घ्या."

मागचा लग्नातला शर्ट खाली बसला, तो चौकटीतून दिसेनासाच झाला. फक्त नाक ओढल्याचा आवाज येत होता. तो मात्र मी बंद केला नाही.

एवढ्या लहान मुलीला एकटीला कसं पाठवणार, म्हणून हिवाळ्यात बापही रजा टाकून बरोबर गेला. मी न राहवून बाईंना तिकडे फोन लावला. मागे टिकावाचे आवाज येत होते.

"पोरगी कशी आहे?" मी विचारलं.

"सावंत उत्तम. काल एक चूल सापडली त्यांना, अजून जेवायला उठल्या नाहीत."

"आणि बाबा?"

"कामसू आहे रे तो, बाळ. लिफ्टवाला असल्यामुळे खोल खड्ड्याला घाबरत नाही," बाई म्हणाल्या. "फक्त खड्ड्यात उतरायच्या आधी त्याचे खिसे तपासायचे असा नियम झालाय इथे. सावंतांनीच केलाय. तपासतातही त्याच."